एका फांदीची दोन पोवळी

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२ मार्च १९८६

प्रिय सुनेत्रा,

तुला तो पटवेकरी आठवतो का? तुळशीबागेमागच्या बोळातला, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ओवायला बसायचा तो. माझ्या लग्नाला आठ दिवस होते. आईने मला एकटीला पाठवलं नसतं, तू बरोबर होतीस म्हणून सोडलं. त्याने पोवळ्यांची पुरचुंडी उघडली आणि आपण दोघी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसलो. त्यातली दोन तू उचललीस. एकाच फांदीचे लागोपाठचे तुकडे, दोन्हींतून एक पांढरी रेघ आरपार गेलेली. तो म्हणाला, "ताई, रेघेचं नका घेऊ, खोट आहे त्यात." तू म्हणालीस, "असू दे. जोडी आहे." माझा दोरा जाड होता, म्हणून त्याने दोन्हींची भोकं गिरमिटाने एकाच बाजूने मोठी केली. दोऱ्याला मेण चोळलं. मग आपण मीठ लावलेली बोरं खाल्ली आणि शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसला वास येईल या भीतीने नळावर तीनदा हात धुतले. बावीस वर्षांच्या, कॉलेज संपलेल्या घोड्या आपण, तरी सिस्टर अ‍ॅग्नेसची भीती.

हे आज आठवायचं कारण म्हणजे काल तुझ्या गुरुदत्तरावांच्या प्रदर्शनाचं आमंत्रण आलं. सायीच्या रंगाचा जाड कागद. 'कोकणची नवरी: किल्वा आणि हिंदी महासागराचा व्यापार'. उद्घाटन अठरा ऑक्टोबरला, बोस्टनमध्ये. वर एका पोवळ्याचा फोटो, मुठीएवढा मोठा केलेला. त्यात पांढरी रेघ आहे.

त्यांचं म्हणणं सगळ्या जगाला पाठ आहे. आठशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किल्व्याच्या सुलतानांचं राज्य होतं. आतल्या झिंबाब्वेचं सोनं त्यांच्या हातून जहाजांत चढायचं, आणि आपल्या किनाऱ्यावरून तिकडे कापड आणि मणी जायचे. इथवर सगळे मानतात. गुरुदत्तराव पुढे म्हणतात की चौलचे व्यापारी नुसता माल पाठवून थांबले नाहीत, बायका घेऊन तिथे राहिले. पुरावा काय, तर त्यांच्या उत्खननातल्या तिसऱ्या खंदकात एका जागी सापडलेले एकशे बारा काळे मणी आणि एक पोवळं.

सुनेत्रा, ती नवरी मी आहे.

एकदा सरळ लिहून काढते. एकसष्ट साली नरेंद्र किल्व्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होता. गुरुदत्तराव लंडनहून संशोधनासाठी आले होते आणि आमच्याकडेच उतरले होते. तू तेव्हा पुण्यात, सासूबाईंच्या आजारपणात. त्याआधी चार वर्षं मी होडीने जुन्या किल्व्याच्या बेटावर जाऊन भरती ओसरल्यावर वाळूतले मणी वेचत होते. त्यांची चित्रं काढून सात वह्या भरल्या होत्या. मार्चमध्ये एका सकाळी व्हरांड्यात परात घेऊन मणी चाळत होते. विवेक मांडीवर होता, वर्षाचा. त्याने मंगळसूत्राला हात घातला आणि ते वाढलं, सगळं त्या परातीत. गुरुदत्तराव पायरीवर बूट घालत होते. मी बोलले नाही. कोणती बाई बोलेल? वाट्या, एक पोवळं आणि हाताला लागले तेवढे मणी उचलले, वाट्या हळदीच्या दोऱ्यात बांधून पदराखाली गळ्यात घातल्या. संध्याकाळी परातीत उरलेले काळे मणी आणि दुसरं पोवळं सापडलं. ते क्विनाइनच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी फळीवर. वर काही लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

त्या फळीवर त्यांच्या तिसऱ्या खंदकाच्या पेट्या होत्या. जाताना ते सगळं घेऊन गेले. माझ्या सात वह्यासुद्धा.

अडुसष्ट साली पुस्तक आलं तेव्हा अकराव्या पानाचं चित्र बघून मी हसले होते. मग आभाराचं पान वाचलं. त्यात माझं नाव नव्हतं. 'एका डॉक्टरांचं आतिथ्य' एवढंच होतं. तेव्हा मी थांबायचं ठरवलं. दुसऱ्या आवृत्तीत तरी नाव येईल म्हणून थांबले, तिसरीत येईल म्हणून थांबले. नरेंद्र असेपर्यंत तर थांबलेच. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील.

मला दोनच गोष्टी हव्यात. माझ्या वह्या परत, आणि उद्घाटनाच्या भाषणात ते मणी कोणी वेचले, कोणी लावले, ते माझ्या नावाने. हे दोन्ही झालं तर पोवळ्याबद्दल मी मरेपर्यंत गप्प बसेन. नाही झालं तर त्या दिवशी दुसरं पोवळं घेऊन येईन.

तुझी
मृणाल


प्लेनो, टेक्सस
१७ मार्च १९८६

प्रिय मृणाल,

तुझं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं होतं. मग म्हटलं, ही एकटी पडली आहे, श्रूजबरीला बर्फात बसून काहीबाही आठवत असेल. इकडे येऊन राहा थोडे दिवस. प्रसन्नने हे एवढं मोठं घर घेतलं आहे, आम्ही दोघं मागच्या दोन खोल्यांत असतो. मला ड्राइव्ह करता येत नाही, त्यामुळे दूध आणायचं तरी सुनेची वाट बघावी लागते. नात माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते. परवा मला म्हणाली, "आजी, यू आर सो क्वाएट." मी गप्प कधीपासून झाले गं? तुला तरी आठवतं का?

पटवेकरी मला पुसटसा आठवतो. पोवळ्यांचं नाही आठवत. रेघेची पोवळी त्याच्याकडे शेकड्याने असतील. तू डबी ठेवलीस एका जागी, हे खंदकातून काढलेलं दुसरीकडे असेल. ह्यांच्यासारखा माणूस पंचवीस वर्षं एका मण्यावर चुकेल, हे मला पटत नाही. शिवाय ह्यांची बायपास होऊन वर्ष झालेलं नाही. हे प्रदर्शन म्हणजे त्यांचं आयुष्य आहे. तू त्यांना बहीण म्हणून राखी पाठवलीस एकेकाळी.

वह्या इथे नाहीत. रिटायर होऊन प्लेनोला आलो तेव्हा मूव्हिंगमध्ये गेल्या. आणि मृणाल, उचलून नेल्या असं लिहू नकोस. मला हे सांगायचं नव्हतं. नरेंद्रभावजींनीच त्या दिल्या. "घेऊन जा, बायकोचा विरंगुळा आहे, इथे वाळवी खाईल," असं म्हणाले. हे मला ह्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी, नाही, लंडनला गेले तेव्हा सांगितलं. तेव्हा रागवायचंच असेल तर ज्यांच्यावर आता रागावता येत नाही त्यांच्यावर रागव.

एवढासा मणी आहे गं तो. जाऊ दे.

तुझी
सुनेत्रा


श्रूजबरी
६ एप्रिल १९८६

प्रिय सुनेत्रा,

नरेंद्रच्या फोटोसमोर तुझं पत्र वाचलं. त्याने दिल्या असतील. तो तसाच बोलायचा. माझ्या भरतकामालाही विरंगुळाच म्हणायचा, आणि उशीचे अभ्रे मात्र कौतुकाने सगळ्यांना दाखवायचा. तू मला दुखवायला हे लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. नवऱ्याला वाचवायला लिहिलंस. पण आता माझा राग एकाच माणसावर होता तो दोघांवर झाला, आणि त्यातला एक जिवंत आहे.

तुला माहीत नाही त्या विरंगुळ्यात काय होतं. तू तिथे नव्हतीस. मी तिन्ही चाळण्या लग्नात माहेरून नेल्या होत्या, पोह्यांची, रव्याची आणि पिठाची. पोह्यांच्या चाळणीत अडकले ते मोठे मणी, रव्याच्या चाळणीत अडकले ते मधले, पिठाच्या चाळणीवर राहिले ते बारीक. चार वर्षं मी तेच माप धरलं, कारण दुसरं माप माझ्याकडे नव्हतं. तुझ्या गुरुदत्तरावांच्या पुस्तकात 'अ', 'ब' आणि 'क' असे मण्यांचे तीन वर्ग आहेत ना? जर्मनीपर्यंत लोक ते वर्ग वापरतात. त्या माझ्या चाळण्या आहेत. त्या अजून माझ्याकडे आहेत, आणि रव्याची अजून वापरात आहे.

बेटावर बी झुहुरा म्हणून एक म्हातारी होती. पहिल्या दिवशी तिने माझी ओंजळ बघितली आणि सगळे मणी पुन्हा वाळूत टाकले. म्हणाली, रंग बघून वेच, नाहीतर काय कळणार तुला. तिची पणजी आतल्या मुलखातून आलेली. तिने मला सांगितलं की सुटे मणी आत कोणी घेत नसे. व्यापारी पोत्याने मणी आणायचे आणि किनाऱ्यावर बसून ताडाच्या दोऱ्यात ओवायचे, तेव्हा कुठे माल पुढे जायचा. एखाद्या वर्षी आत निळा रंग आवडेनासा झाला, की निळ्याची पोती किनाऱ्यावर पडून राहायची, व्यापारी कितीही मोठा असो. मी तिचं ऐकून पुढची तीन वर्षं रंगांची नोंद लावत गेले, कोणत्या भिंतीजवळ कोणता, कोणत्या थरातून धुपून आलेला कोणता. सातव्या वहीची शेवटची वीस पानं तीच आहेत. त्यांतून दिसतं की आवड त्यांची चालायची. सोनं त्यांचं होतं, कापड आणि मणी कोणते आणायचे हे तेच ठरवत होते, आणि आपले चौलचे, खंबायतचे लोक त्यांची मर्जी सांभाळत समुद्र ओलांडत होते.

ती वीस पानं त्यांनी वापरली नाहीत. त्यांना तिथे आपली नवरी हवी होती, राज्य त्यांचं असलं तरी मांडीवर घेऊन संस्कृती नेणारी आपली बाई. माझं पोवळं त्यांच्या उपयोगाचं होतं, आणि माझी अक्कल नव्हती.

मला एवढं सांग, पंचवीस वर्षांत एकाही मराठी माणसाला ते मणी बघून घर कसं आठवलं नाही? बारीक काळे मणी आणि एक पोवळं. त्यांनी तुझ्या गळ्याकडे कधी पाहिलंच नाही का?

पहिल्या ऑगस्टपर्यंत थांबते.

मृणाल


प्लेनो, टेक्सस
२ मे १९८६

मृणालिनीवहिनींस सा. न.

सुनेत्राने तुमची पत्रं दाखवली. ती फार मनाला लावून घेते, म्हणून मीच लिहितो.

वहिनी, किल्व्याचे ते दिवस मी विसरलेलो नाही. खंदकावरून आलो की तुमचे पोहे तयार असायचे. तुम्ही वेचलेले मणी वरवरचे होते, म्हणजे कोणत्या थरातले हे सांगता न येणारे, त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीने त्यांचा उपयोग मर्यादित. वह्यांचा मला सुरुवातीला संदर्भ म्हणून काहीसा उपयोग झाला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. त्या आता उपलब्ध नाहीत याचा खेद आहे.

पोवळ्याविषयी. त्याच्या भोकाची एक बाजू मुद्दाम रुंद केलेली आहे. हे काम किल्व्याच्या कारागिराचं आहे, आणि त्यावरून ती स्त्री तिथे अनेक वर्षं राहिली, दागिना पुन्हा ओवून घेत राहिली, हे मी दोनशे चौदाव्या पानावर सिद्ध केलं आहे. तुमच्या घरगुती आठवणीने ते खोटं ठरत नाही. एखादा मणी कापून काचेची परीक्षा करावी असं काही तरुण लोक सुचवतात. इतका दुर्मिळ ऐवज मी कापू दिलेला नाही आणि देणार नाही.

तरीही तुमचं मन राखावं म्हणून कॅटलॉगच्या शेवटी 'आतिथ्याबद्दल आभार' या सदरात तुमचं नाव घालण्यास सांगतो. उद्घाटनाचे दोन पास सोबत आहेत. पुढच्या रांगेतले आहेत.

आपला
गुरुदत्त


श्रूजबरी
१५ मे १९८६

प्रिय सुनेत्रा,

तुझ्या यजमानांचं पत्र मिळालं. पोहे त्यांनी पंचवीस वर्षं लक्षात ठेवले.

पास ठेवून घेतले आहेत.

मृणाल


प्लेनो, टेक्सस
२४ ऑगस्ट १९८६

प्रिय मृणाल,

या पत्राबरोबर एक खोका येईल. वर 'चकल्या, नाजूक' असं लिहिलं आहे, कारण प्रसन्नला पोस्टात न्यायला सांगायचं होतं आणि तो काही विचारत नाही. त्यात तुझ्या सातही वह्या आहेत. त्या मूव्हिंगमध्ये गेल्या नव्हत्या. गराजमध्ये ख्रिसमसच्या झाडाच्या पेटीखाली होत्या. मी जूनमध्ये शोधून काढल्या आणि दोन महिने माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवून रोज एकेक पान बघितलं. तुझं अक्षर अजून तसंच, सिस्टर अ‍ॅग्नेसने पट्टी मारून वळवलेलं.

मी तुला खोटं लिहिलं. एक नाही, दोन.

पटवेकरी मला पुसटसा आठवत नाही, स्वच्छ आठवतो. चौसष्ट साली मी लंडनला गुरुदत्तकडे गेले तेव्हा त्याने टेबलावर कापूस पसरून मला त्याचा मोठा शोध दाखवला. मी रेघ बघितली आणि लगेच ओळखलं. मीच निवडलेलं होतं ते. मी म्हणाले, "अहो, हे पोवळं तर मृणालच्या—" त्या दिवशी त्याचे गाइड आणि दोन पाहुणे जेवायला होते. तो माझं बोलणं तोडून त्यांना इंग्लिशमध्ये म्हणाला, "माझी बायको. मणी दिसला की हिला दागिनाच आठवतो." सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन पोळ्या लाटल्या.

त्या दिवशी मी ठरवलं की सांगायचं नाही. तू अडुसष्ट साली ठरवलंस, मी चार वर्षं आधीच.

ते पुस्तक मी चार वेळा टाइप केलं, मृणाल. माझी शाळेतली नोकरी सोडून. दर वेळी दोनशे चौदावं पान आलं की मी सावकाश टाइप करायचे. एकही चूक राहू दिली नाही. एकदा त्याला शंका आली होती. म्हणाला, "हे मणी जरा फारच गुळगुळीत आहेत का?" मी म्हणाले, "तुम्हाला जास्त कळतं." तो खूश झाला. एवढं एक वाक्य बोलून मी त्याला अठरा वर्षं आणखी खोल उतरवलं. तू मला विचारलंस ना, त्याने माझ्या गळ्याकडे कधी पाहिलं नाही का. मी इथे आल्यावर मंगळसूत्र काढून ठेवलं, त्याला कळायला दोन वर्षं लागली. तेही एका पाहुण्या बाईने विचारलं म्हणून.

दुसरं खोटं नरेंद्रभावजींचं. त्यांनी वह्या दिल्या हे खरं. पण ते 'विरंगुळा' म्हणाले नव्हते. तो शब्द गुरुदत्तचा. भावजी म्हणाले होते, "जपून ने, आणि छापलंस तर तिचं नाव वर घाल." ते पत्र गुरुदत्तच्या फाइलमध्ये होतं. तेही खोक्यात घातलं आहे. तुला दुखवलं की तू मृत माणसावर चिडशील आणि हे सगळं लांबेल, असं मला वाटलं. मला ते लांबवायचं होतं. थांबवायचं नव्हतं.

कारण तुझी एक ऑगस्ट मला पसंत नव्हती. तू आधी बोललीस तर काय होईल? कॅटलॉगमधलं एक पान बदलेल. तो म्हणेल, नव्या पुराव्याच्या प्रकाशात मी स्वतःच दुरुस्ती केली, आणि लोक त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतील. मी त्याला ओळखते. उद्घाटन होऊ दे. त्याला सगळ्यांसमोर पोवळ्याचं भोक समजावून सांगू दे.

मी येणार नाही. पाठदुखीचं सांगितलं आहे. मी समोर असले तर तो माझ्याकडे बघेल आणि मी विरघळेन. तीस वर्षं ताटं वाढली आहेत त्याला, शरीराला सवय असते. तू नको विरघळूस.

तुझी
सुनेत्रा


श्रूजबरी
२६ ऑक्टोबर १९८६

प्रिय सुनू,

आठ दिवस मुद्दाम लिहिलं नाही. त्या रात्रीच लिहिलं असतं तर अक्षर बिघडलं असतं.

आधी नरेंद्रबद्दल. त्याचं पत्र मी तीनदा वाचलं. 'तिचं नाव वर घाल' या शब्दांवर शाईचा डाग आहे. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मी त्याच्या फोटोला हार घातला नव्हता. त्यासाठी तुझ्यावर राग धरावा असं बरंच वाटलं. धरता आला नाही. एवढी वर्षं तू एकटीने ते पान टाइप करत होतीस आणि इथे मी एकटीने ते वाचत होते. आपण एकमेकींना एक ओळ लिहिली असती तर?

आता तो दिवस. मी नारायणपेठ नेसले. आणि सुनू, मी मंगळसूत्र घातलं. दोन वर्षं कपाटात होतं ते. दारएसलामच्या गुजराती सोनाराने एकाच पोवळ्यावर ओवून दिलेलं. दीपा गाडी चालवत होती, तिने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "आई, आर यू शुअर?" मी म्हटलं, "आज मी लग्नाची बाई म्हणून चालले नाही. पुरावा म्हणून चालले आहे." तिने हीटर वाढवला.

हॉल भरलेला होता. इथल्या मराठी मंडळातले श्रीराम आणि पद्मिनी मला बघून थबकले. पद्मिनीची नजर माझ्या गळ्यावर गेली आणि तिने नवऱ्याला कोपर मारलं. विधवा बाई मंगळसूत्र घालून पुढच्या रांगेत बसली होती, आपल्या लोकांना तेवढं पुरे होतं. गुरुदत्तरावांना ते दिसलंच नाही. त्यांनी लांबून नमस्कार केला आणि बोलायला उठले.

चांगलं बोलले ते. खोटं कशाला सांगू? किल्व्याचे सुलतान, त्यांची तांब्याची नाणी, प्रवाळाच्या दगडाची मशीद, आतून येणारं सोनं. मग पडद्यावर पोवळं आलं. काठीने भोकाची रुंद बाजू दाखवत ते म्हणाले, "या एका भोकात एका स्त्रीचं सगळं आयुष्य आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आठवण आली.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी उठले. सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायची तसे हात मागे बांधून, सरळ पाठीने. मी विचारलं, या पोवळ्याच्या जोडीचं दुसरं पोवळं सापडलं तर सर काय म्हणतील? ते हसून म्हणाले, असं भाग्य एका आयुष्यात दोनदा येत नाही. मी पदर बाजूला केला. मी म्हटलं, आज आलं आहे. हे पुण्यात बावन्न साली ओवलं, दुसरं तुमच्या कपाटात आहे. एकाच फांदीची आहेत, रेघ एकातून दुसऱ्यात जाते. जुळवून बघा.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. तेव्हाच त्यांना कळलं. चेहऱ्यावरून मला दिसलं, आणि मी ते मनात साठवून घेतलं.

लोकांसमोर काचेचं कपाट उघडत नाहीत. पण तिथल्या संग्रहालयाची मुख्य बाई, मिस ऑल्डन, शेवटच्या रांगेतून सरळ चालत माझ्यापर्यंत आली, आणि सोमवारी सकाळी मला बोलावलं. मी वह्या, नरेंद्रचं पत्र आणि माझ्या लग्नाचा फोटो घेऊन गेले. तिने दोन्ही पोवळी मखमलीवर टोकाला टोक लावून ठेवली. रेघ केसभरही हलली नाही. दोन्ही भोकांत मेण होतं. एक काळा मणी तिने परवानगी घेऊन कापायला पाठवला आहे. उत्तर काय येणार ते आपल्याला माहीत आहे.

गुरुदत्तराव त्या वेळी तिथेच होते, खुर्चीत बसलेले, टोपी मांडीवर. मिस ऑल्डन फोन करायला बाहेर गेली तेव्हा मराठीत म्हणाले, "वहिनी, तुम्ही हे तेव्हाच का सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "मंगळसूत्र वाढलं हे बाई परपुरुषाला सांगत नाही. तुम्ही मराठी आहात, एवढं तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

"आणि नंतर? पुस्तक आल्यावर?"

"नंतर तुम्ही विचारायला हवं होतं. माझं नाव माहीत होतं तुम्हाला."

त्यांनी टोपीची कड फिरवली. मग म्हणाले, "सुनेत्राला माहीत होतं?" मी उत्तर दिलं नाही. ते तू द्यायचं की नाही, तू ठरव. पण त्यांना ते आठवलं असावं, टेबल, कापूस, तुझं अर्ध्यावर तोडलेलं वाक्य. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं होतं मला दया येईल. आली नाही, आणि न आल्याचं वाईटही वाटलं नाही. सिस्टर अ‍ॅग्नेसने ऐकलं असतं तर शंभर वेळा प्रार्थना म्हणायला लावली असती.

नवरीचं कपाट त्यांनी रिकामं केलं आहे. पाटीही उतरवली. मिस ऑल्डन माझ्या सातव्या वहीतली वीस पानं वाचायला बसली आहे, म्हणजे दीपा तिला इंग्लिशमध्ये सांगते आहे आणि मधूनमधून मला फोन करून विचारते, "आई, व्हॉट इज परात?" तिने माझं अक्षर पहिल्यांदा नीट वाचलं, या वयात. काल म्हणाली, "आई, तू किती चिडली होतीस, अँड यू मेड अस पोहे." मी म्हटलं, चिडल्यावर पोहे चांगले होतात.

आता उरलेल्या गोष्टींचं लिहून ठेवते. माझं काय, मी छप्पन्नची आहे, पण गोष्टी ज्याच्या त्याच्याकडे वेळेवर गेलेल्या बऱ्या. यातलं काही माझ्या हातून राहिलं तर तू बघ, दीपाला सगळं कळणार नाही.

साती वह्यांच्या प्रती मिस ऑल्डनला. मूळ वह्या दारएसलामच्या संग्रहालयाला, बी झुहुराच्या नावाने. पहिल्या पानावर आधी तिचं नाव, मग माझं, असं लिहून ठेवलं आहे. रंग बघून वेच, हे तिने सांगितलं होतं.

वेचलेले मणी, माझ्याकडे अजून दोन बरण्या आहेत, ते बेटावरच्या शाळेला. सुटे पाठवू नका. ओवून पाठवा. तिकडे सुटे कोणी घेत नाही.

पोह्यांची आणि पिठाची चाळणी दीपाला. रव्याची मी मरेपर्यंत माझी.

सोन्याच्या वाट्या, एक विवेकला, एक दीपाला. विवेकला सांग, तू ओढलंस म्हणून हे सगळं झालं, आणि आई रागावलेली नाही.

काळे मणी, एकशे अकरा उरतील, ते तुला. हवं तर ओव, नाहीतर सुटे ठेव. तुझ्या गळ्यात काय असावं हे आता तूच ठरवायचं आहेस. श्रूजबरीला माझी वरची खोली रिकामी आहे, आणि बसचा थांबा कोपऱ्यावर आहे, ड्राइव्ह करता यायला लागत नाही.

माझ्या गळ्यातलं पोवळं मिस ऑल्डनला. खाली पाटी लावायची: पुणे, १९५२, निवड सुनेत्राची.

आणि कपाटातलं पोवळं, जे माझंच असल्यामुळे त्यांनी मला परत दिलं, ते मी या पत्राबरोबर कापसात गुंडाळून पाठवते आहे. ते गुरुदत्तरावांच्या टेबलावर ठेव, त्यांच्या चष्म्याशेजारी. सोबत चिठ्ठी नको. या वेळी ते ओळखतील.

तुझी
मृणाल